खुर्चीतली शिडी

पौषातल्या अमावास्येच्या सकाळी मी वाचनालय उघडलं, टेबलं पुसली आणि हात आपोआप किटलीकडे गेला. पाणी भरलं, बटण दाबलं. पाणी गुणगुणायला लागलं तेव्हा लक्षात आलं की आता या पाण्याचं काही काम उरलेलं नाही. गेली दोन वर्षं दर अमावास्येला दहाच्या सुमारास भागवत मिस्त्री यायचे आणि फडकी भिजवायला त्यांना हे पाणी लागायचं. ते काम मागच्या अमावास्येला संपलं होतं. तरी मिस्त्री येणार होतेच, नवी बिजागरी दाखवायला. मग या पाण्यात चहाच टाकू म्हणून मी साखरेचा डबा शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्रींचा मुलगा राजा बोलत होता. "बाई, आण्णा गेले. पहाटंच. झोपेतच गेले." अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. मी म्हणाले, "अरे, पण आज तर अमावास्या आहे..." राजा म्हणाला, "व्हय बाई. सुट्टी बघूनच गेले." फोन ठेवून मी वळले. भिंतीला टेकून खुर्चीचे दोन अर्धे तुकडे उभे होते, आणि ते जोडणारा माणूस आता नव्हता.

भागवत मिस्त्री म्हणजे आमच्या ढोकीचे जुने सुतार. अमावास्येला सुतारानं हत्यार उचलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांना त्या दिवशी विसावा. नव्या पोरांनी ती कधीच सोडली, पण मिस्त्री इतके कडक की अमावास्येला कानावरची पेन्सिलसुद्धा घरी ठेवून यायचे. रिकामा कान घेऊन हा माणूस वाचनालयात येऊन बसायचा. वाचायला नव्हे. पेपरची मोठी अक्षरं तेवढी पाहायचे आणि मग कोपऱ्यातल्या एका खुर्चीत डोळे मिटून बसायचे. बाहेरच्या रस्त्यानं कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, आणि त्या सगळ्या गोंगाटात मिस्त्रींच्या चेहऱ्यावर असं काही सुख असायचं की मी रजिस्टर लिहिताना अधूनमधून उगाच तिकडे पाहायची.

ती खुर्ची साधी नव्हती. या भागातून पूर्वी छोटी रेल्वे जायची. तिच्यावरचा कुणी इंग्रज साहेब देश सोडताना सामान इथंच टाकून गेला, असं जुने लोक सांगत. त्यातली ही खुर्ची हिंडत हिंडत वाचनालयात आली. तांबूस, जड, आपल्या सागवानाहून वेगळंच लाकूड, हात मऊ वळणाचे, आणि बसायच्या फळीखाली, पायांच्या मधे, दोन-तीन आडव्या पट्ट्या. त्या कशाला होत्या, कुणालाच कळत नसे. कुणी म्हणे चपला ठेवायला. एवढी देखणी, पण खोड एकच. ती माणसाला पाडायची. टेकून बसलं की ठीक, जरा पुढं वाकलं की पाठ अंगावर यायची आणि माणूस तोंडघशी. एकदा एक पाहुणे भाषण ऐकता ऐकता असे पडले की सभाच उठली. तेव्हा तरुण भागवत मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाहिलं, तर बसायची फळी आडवी दुभंगलेली, बाजूच्या लाकडांनाही आरपार काप, आणि पुढच्या कडेला दोन पितळी बिजागऱ्या, एक तुटलेली, एक धड. कुण्या अडाण्यानं मोडकी खुर्ची बिजागऱ्या ठोकून कशीबशी जमवली असणार, असा त्यांनी अंदाज केला. बिजागऱ्या काढल्या, कापात सरस आणि लाकडाचा भुसा भरला, एकही खिळा न मारता सगळं दाबून बसवलं आणि वर पॉलिश मारलं. जोड इतका बेमालूम की बोटालाही लागू नये. खुर्ची पुन्हा कधी हलली नाही. मी नवी नवी ग्रंथपाल म्हणून आले, तेव्हा लोकांनी मला पुस्तकांच्या आधी ती खुर्ची दाखवली होती.

मिस्त्रींचा धर्मच तो होता. हलेल ते काम नव्हे. वाचनालयाची छतापर्यंतची कपाटं त्यांचीच, भूकंपातही जागची हलली नाहीत. मुलाला, राजाला, शिकवायला घेतलं तेव्हाही हेच. त्यानं केलेला प्रत्येक सांधा हातोडीनं मोकळा करायचा आणि पुन्हा स्वतः बसवायचा. "आवळ. अजून आवळ." पोरगं कंटाळलं आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या धंद्यात गेलं. स्टँडच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे, चांगलं चालतं. बापलेक एकाच घरात राहत, एकाच ताटात जेवत म्हणा ना, पण कामाची गोष्ट निघाली की दोघांचीही दातखीळ बसायची. राजा वडिलांना मोटारसायकलवरून वाचनालयाच्या दारात सोडायचा आणि आत न येता निघून जायचा.

आता माझ्या पापाची गोष्ट. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून पुस्तकांची खोकी भेट आली. त्यात मुखपृष्ठ फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, जुन्या विलायती सामानाच्या चित्रांचं. एका सामानातून दोन कामं काढायची, असं कसब असलेल्या सुतारांचं सगळं सामान. एक बाक होता, त्याची पाठ वर उचलून आडवी टाकली की जेवणाचं टेबल. एक कपाट होतं, दार उघडलं की आतून पलंग यायचा. लष्करातल्या साहेबांची मेजं होती, घडी घालून पेटी व्हायची आणि उंटावर चढायची. पानं उलटता उलटता मी थबकले. आमचीच खुर्ची! तेच हात, त्याच आडव्या पट्ट्या. आणि शेजारच्या चित्रात तिची पाठ पुढं झुकलेली, वरची अर्धी खुर्ची कोलांटउडी मारून पुढं उभी राहिलेली, आणि मधल्या त्या पट्ट्यांच्या झालेल्या पायऱ्या. ग्रंथालयात बसायला खुर्ची, वरचं पुस्तक काढायला शिडी... मला आनंदानं काही सुचेना. आमच्या कपाटांच्या वरच्या दोन कप्प्यांना मी नोकरीभर हात लावला नव्हता, कारण हलणाऱ्या कशावरही मी उभी राहत नाही, स्टुलावरसुद्धा नाही. आणि शिडी आमच्याकडे इतकी वर्षं होती, तिच्यावर आम्ही बसत होतो! पुढच्या अमावास्येला मिस्त्री आले, तसं मी लहान पोरीच्या उत्साहानं पुस्तक त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी चष्मा लावला. चित्र पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"ह्या दोन्ही चित्रांत सामान एकच हाय?"

"हो ना! आधी खुर्ची, मग तीच शिडी."

मग चष्मा काढून म्हणाले, "मंजी... ती मोडकी नव्हती."

एवढंच. त्या दिवशी ते त्या खुर्चीत बसले नाहीत. पुढच्या अमावास्येला आलेच नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला शिव्या घातल्या. चाळीस वर्षं ज्या कामावर माणूस सुखानं डोळे मिटून बसायचा, ते काम मी एका फाटक्या पुस्तकानं चुकीचं ठरवलं होतं. काय अडलं होतं माझं? वरचे कप्पे तसेही कुणी वाचत नव्हतं. तिसऱ्या अमावास्येला मिस्त्री दारात उभे राहिले. अंग उतरलेलं, दम लागलेला. बार्शीच्या डॉक्टरांनी छाती भुशानं भरल्याचं सांगितलं होतं. मला काही बोलू न देता म्हणाले, "बाई, गरम पाणी लागंल. आन् जुनं धोतर. ही खुर्ची मोकळी करून जातो म्या."

मी म्हटलं, "मिस्त्री, आज अमावास्या. तुम्ही काम करत नाही."

"हे काम न्हाय. काम काढणं हाय. हत्यार कुठं लावायलोय?" आणि खरंच त्यांनी कधी हत्यार लावलं नाही. फडकं गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, जोडावर ठेवायचं, गार झालं की दुसरं. सरस वाफेनं मऊ होतो, पण घाई केली तर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि चिरतं. म्हणून तासभर शेक द्यायचा, सुटलेला सरस नखानं ओढून काढायचा आणि महिनाभर वाळू द्यायचं. बोटाच्या पेराएवढा जोड एका अमावास्येला मोकळा व्हायचा. मी एकदा म्हटलं, मधे एखाद्या दिवशी या की, लवकर होईल. तर म्हणाले, "चाळीस साल तिला बांधून ठिवली. आता घाई कशाची, मला का तिला?" पण घाई त्यांना होती, ते मला दिसत होतं. दर महिन्याला पायऱ्या चढताना ते एकदा जास्त थांबायचे. ती खुर्ची मोकळी व्हायच्या आधी आपण जाऊ नये, एवढीच त्यांची देवाकडं मागणी होती, आणि फडकं गार होण्याची वाट बघत बसलेली मी, तीच मागणी मनात करत असे.

ते तास मला आता स्वप्नातल्यासारखे आठवतात. खिडकीतून तिरकं ऊन यायचं, फडक्यातून वाफ निघायची, ओल्या सरसाचा उग्र वास पुस्तकांच्या वासात मिसळायचा. आणि ज्यानं ती खुर्ची घडवली त्याच्याबद्दल मिस्त्री बोलत राहायचे. त्याला ते 'तिकडला मिस्त्री' म्हणत. "तिकडल्या मिस्त्रीला आमुशा असंल का वो?" मी सांगितलं, त्यांना रविवार असतो. "मंग रविवारी काय करत असंल?" मी म्हटलं, चर्चमध्ये जात असेल. "तिथं बी बाकं बघत बसत असंल," ते म्हणाले. कधी त्याच्या बायकोचा विषय निघे. भुसा घरभर आणतो म्हणून ती ओरडत असणार, यात त्यांना शंका नव्हती. लंडनमधे घरं लहान, जागा महाग, म्हणून एका सामानातून दोन कामं काढत, असं मी पुस्तकातून वाचून सांगितलं, तर ते हसले. "त्यात काय नवल? आपली बाज न्हाय का? दिवसा मिरच्या, रातच्याला म्हातारा. बैलगाडी सोडली, तोंडावर टेकवली की सावलीला मांडव. पर त्यो लई हुन्नरी बगा, बाई. आपण वस्तू वापरून वापरून दुसऱ्या कामाला लावतो. त्यानं करतानाच तिचा दुसरा जलम मनात धरला." मग फडकं बदलता बदलता हळूच म्हणायचे, "आन् त्यो म्या बुजवला." मी विषय बदलायची. हळूहळू मलाही तो तिकडला मिस्त्री दिसायला लागला. धुकट काचेच्या खिडकीशी उभा, कानावर पेन्सिल, चेहरा मात्र आमच्या मिस्त्रींचा.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी गाव घरात राहत नाही. सगळे शेतात, कडब्याची खोप करून पूजा, आणि मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. वाचनालय उघडलं तरी कोण येणार? पण मी उघडलं, कारण बोटाच्या पेराएवढाच जोड राहिला होता. दुपारी मिस्त्री शेतातून आले, हातात डबा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ट्रॅक्टरसुद्धा नाही. पहिलं फडकं ठेवलं, दुसरं ठेवलं. तिसऱ्याच्या वेळी आतून बारीक आवाज आला, सुकी शेंग फुटावी तसा. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आधी हात धोतराला पुसले. मग पाठीला धरून अलगद वर उचललं... आणि वरची अर्धी खुर्ची त्यांच्या हातात आली. कुठं चीर नाही, टवका नाही. जोडाच्या आतलं लाकूड, जिथं ऊन, हात, पॉलिश काहीच पोचलं नव्हतं, ते नव्यासारखं लाल होतं. मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी त्याचा वास घेतला.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. वरच्या आणि खालच्या कडेला, समोरासमोर, पटाशीनं मारलेल्या तीन-तीन बारीक रेघा होत्या. "ही खूण हाय. ही कड त्या कडंची, म्हणून सुतार मारून ठिवतो. आमी बी अशीच मारतो." मग रेघांवरून बोट फिरवत म्हणाले, "बाई, तवा बी ही दिसली होती मला."

"म्हणजे?"

"मोडलेल्या लाकडाला कोण खूण मारतं? मला तवाच कळाया पायजे होतं. एक घडीभर वाटलं बी, की ही उघडायची हाय. पर सगळी म्हणत होती, पक्की कर. आन् मला पक्कंच करता येत होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं ते त्या खुर्चीत सुखानं डोळे मिटून बसत होते असं मी समजत होते... कोण जाणे काय मिटून बसत होते.

मी प्यायला पाणी आणायला उठले, तर ते म्हणाले, "जाता जाता जरा पेन्सिल द्या."

मी चिडवलं, "अमावास्येला पेन्सिल?"

"लिवायची हाय. आखायची न्हाय." बिजागरीचं माप टिपत असतील असं मला वाटलं. परत आले तेव्हा पेन्सिल टेबलावर होती आणि मिस्त्री आंबील ओतत होते. धड असलेली जुनी बिजागरी त्यांनी इतकी वर्षं घरी जपून ठेवली होती, कुठल्याच कपाटाला लावायला मन झालं नव्हतं म्हणे. तिची जोडीदारीण स्वतः घडवून पुढच्या अमावास्येला दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन बसवतो, असं सांगून ते गेले. राजा दारात थांबला होता. त्याच्या खांद्यावर हात टेकवून ते मोटारसायकलवर बसले, ते मला घडलेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी राजा आला. पहिल्यांदाच आत. हातात वडिलांचा तुपाचा जुना डबा, त्यात दोन-चार हत्यारं आणि चिंधीत गुंडाळलेल्या दोन बिजागऱ्या, एक काळवंडलेली, एक नवी झळझळीत. नवीवर कानशीचे ओरखडे होते, एका कोपऱ्यात जरा जास्तच, हात थकल्यासारखे. "आज आमुशा न्हाय ना, बाई?" त्यानं आधी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं पिशवीतून ड्रिल मशीन काढलं, खालचा अर्धा भाग उजेडाकडे वळवला, बिजागरी बसायच्या खाचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि तसाच थांबला. "बाई, इकडं या." खाचेत, बिजागरीखाली बरोबर झाकलं जाईल एवढ्याच जागेत, माझ्या पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं...

राजा, सैल ठेव.

राजानं ते किती वेळा वाचलं माहीत नाही. शेवटी म्हणाला, "उभ्या जन्मात मला एकच सांगत आले, बाई. आवळ." मग त्यानं ड्रिल मशीन पिशवीत परत ठेवलं, डब्यातून वडिलांचा लाकडी मुठीचा पेचकस काढला आणि हातानं एकेक स्क्रू फिरवायला लागला. दोन्ही बिजागऱ्या बसल्या, अक्षरं झाकली गेली. शेवटचा स्क्रू पूर्ण बसला तेव्हा तो क्षणभर थांबला, आणि अर्धा फेरा उलटा फिरवून मोकळा केला. "चढा बाई," तो म्हणाला. मी नाही म्हणणार होते, पण त्यानं पाठ धरून पुढं झुकवली आणि खुर्चीनं कोलांटउडी मारली, जणू चाळीस वर्षं मधे गेलीच नव्हती.

परवा अमावास्या झाली. सवयीनं किटली लावली आणि खुर्चीची शिडी केली. वरच्या कप्प्यात विशेष काही नाही, जुने अंक, धूळ, आणि कपाटाच्या आतल्या कडेला मिस्त्रींनीच मारलेल्या तीन रेघा. पायरीवर पाय ठेवला की शिडी केसभर हलते. पूर्वी मी लगेच खाली उतरले असते. आता तिथंच उभी राहते, पाणी उकळेपर्यंत.